अमेरिकेतील शैक्षणिक टॅक्स क्रेडिट

शैक्षणिक टॅक्स क्रेडिट ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील संघीय आयकर कायद्यातील एक सवलत आहे. उच्च शिक्षणावर झालेल्या खर्चाच्या काही भागाइतकी रक्कम विद्यार्थ्याच्या अथवा त्याच्या पालकांच्या देय करातून तीनुसार थेट कमी होते. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट आणि लाइफटाइम लर्निंग क्रेडिट असे तिचे दोन प्रकार प्रचलित आहेत. इंटर्नल रेव्हेन्यू कोड या संहितेच्या कलम २५-ए मध्ये दोन्हींची तरतूद आहे. महाविद्यालयात शिकणारा मुलगा वा मुलगी कायद्याने सज्ञान असली, तरी कराच्या दृष्टीने ती पालकांवर अवलंबित असू शकते. त्यामुळे ही सवलत नेमकी कोणी मागावयाची, हा या विषयातील कळीचा प्रश्न ठरतो. या प्रश्नाच्या उत्तरावर एका कुटुंबाला एका वर्षात २,५०० डॉलरपर्यंतचा लाभ मिळणे वा न मिळणे अवलंबून असते.

## वजावट आणि क्रेडिट यांतील भेद

करातील वजावट करपात्र उत्पन्न कमी करते, तर क्रेडिट प्रत्यक्ष कराची रक्कम कमी करते. २२ टक्के दराने कर भरणाऱ्या व्यक्तीला १,००० डॉलरच्या वजावटीमुळे २२० डॉलर वाचतात. १,००० डॉलरच्या क्रेडिटमुळे मात्र पूर्ण १,००० डॉलर वाचतात.

क्रेडिटचेही दोन प्रकार असतात. परत न मिळणारे क्रेडिट देय कर शून्यावर आणून थांबते. परत मिळणाऱ्या क्रेडिटच्या बाबतीत कर शून्य झाल्यावरही उरलेली रक्कम सरकार करदात्याला देते. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटचा ४० टक्के भाग परत मिळण्याजोगा आहे, तर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट पूर्णतः परत न मिळणारे आहे.

## इतिहास

राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ५ ऑगस्ट १९९७ रोजी टॅक्सपेयर रिलीफ ॲक्टवर स्वाक्षरी केली. या कायद्याने होप स्कॉलरशिप क्रेडिट आणि लाइफटाइम लर्निंग क्रेडिट या दोन सवलती अस्तित्वात आल्या. जॉर्जिया राज्यात गव्हर्नर झेल मिलर यांच्या कारकिर्दीत १९९३ मध्ये सुरू झालेल्या होप शिष्यवृत्तीवरून पहिल्या सवलतीला हे नाव मिळाले. होप क्रेडिट प्रारंभी कमाल १,५०० डॉलरचे होते आणि उच्च शिक्षणाच्या केवळ पहिल्या दोन वर्षांसाठी लागू होते.

२००८ च्या आर्थिक मंदीनंतर राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी १७ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकन रिकव्हरी अँड रीइन्व्हेस्टमेंट ॲक्टवर स्वाक्षरी केली. त्याद्वारे होप क्रेडिटचे रूपांतर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटमध्ये झाले. कमाल रक्कम २,५०० डॉलर झाली, पात्रतेची मुदत चार वर्षांची झाली, पुस्तके व साहित्याचा खर्च ग्राह्य धरला जाऊ लागला आणि काही भाग परत मिळण्याची सोय झाली. आरंभी ही तरतूद दोन वर्षांपुरती होती. तिला दोनदा मुदतवाढ मिळाली आणि डिसेंबर २०१५ मधील पाथ कायद्याने ती कायम करण्यात आली. २०२१ या करवर्षापासून लाइफटाइम लर्निंग क्रेडिटची उत्पन्नमर्यादा अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटइतकी करण्यात आली. शिक्षणशुल्काची जी स्वतंत्र वजावट पूर्वी मिळत असे, ती त्याच वेळी संपुष्टात आली.

## दोन सवलतींची तुलना

| बाब | अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट | लाइफटाइम लर्निंग क्रेडिट |
|---|---|---|
| कमाल रक्कम | प्रत्येक विद्यार्थ्यामागे २,५०० डॉलर | प्रत्येक विवरणपत्रामागे २,००० डॉलर |
| गणना | पहिल्या २,००० डॉलर खर्चाचे १०० टक्के व पुढील २,००० डॉलरचे २५ टक्के | पहिल्या १०,००० डॉलर खर्चाचे २० टक्के |
| परतावा | ४० टक्के, कमाल १,००० डॉलर | नाही |
| मुदत | एका विद्यार्थ्यासाठी चार करवर्षे | मर्यादा नाही |
| अभ्यासभार | वर्षातील किमान एका सत्रात निम्मा वा अधिक | एक अभ्यासक्रमही पुरेसा |
| शिक्षणाचा हेतू | पदवी वा मान्यताप्राप्त प्रमाणपत्र | पदवी, अथवा व्यवसायकौशल्याची प्राप्ती वा वाढ |
| पदव्युत्तर शिक्षण | सामान्यतः अपात्र | पात्र |

एकाच विद्यार्थ्यासाठी एकाच वर्षी दोन्ही सवलती घेता येत नाहीत. कुटुंबात दोन मुले शिकत असतील, तर एकासाठी पहिली आणि दुसऱ्यासाठी दुसरी सवलत मागता येते. अमली पदार्थांसंबंधी गंभीर गुन्ह्यात वर्षअखेरपर्यंत दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यासाठी अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट मिळत नाही.

## सज्ञान पाल्य अवलंबित केव्हा ठरतो

शैक्षणिक क्रेडिटचा मूलभूत नियम असा आहे: ज्याच्या विवरणपत्रात विद्यार्थ्याची अवलंबित म्हणून नोंद होते, केवळ त्यालाच त्या विद्यार्थ्याचे क्रेडिट मागता येते. शुल्क प्रत्यक्ष कोणी भरले, हा प्रश्न गौण आहे. विद्यार्थ्याने स्वतःच्या कमाईतून शुल्क भरले असले, तरी अवलंबित नोंदीमुळे तो खर्च पालकांनीच केला असे मानले जाते. आजीआजोबांनी वा अन्य नातलगांनी महाविद्यालयाकडे थेट भरलेली रक्कमही प्रथम विद्यार्थ्याची, आणि तो अवलंबित असल्यास पालकांची, समजली जाते. भारतातील आजोबांनी नातवाचे शुल्क परस्पर भरले, तरी हाच नियम लागू होतो.

करदृष्ट्या पात्र पाल्य ठरण्यासाठी पुढील कसोट्या आहेत.

* वय : वर्षअखेरीस १९ पेक्षा कमी, पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास २४ पेक्षा कमी. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणजे वर्षातील किमान पाच महिन्यांच्या काही भागात पूर्णवेळ प्रवेश असलेला विद्यार्थी. कायम व पूर्ण अपंगत्व असल्यास वयाची अट नाही.
* निवास : वर्षातील निम्म्याहून अधिक काळ पालकांसह वास्तव्य. शिक्षणासाठी वसतिगृहात राहणे ही तात्पुरती अनुपस्थिती मानली जाते आणि तो काळ घरीच घालवल्याप्रमाणे धरला जातो.
* निर्वाह : पाल्याने स्वतःच्या निर्वाहखर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा स्वतः उचललेला नसावा. पूर्णवेळ विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती या हिशेबात धरली जात नाही.
* संयुक्त विवरणपत्र : विवाहित पाल्याने जोडीदारासह संयुक्त विवरणपत्र भरलेले नसावे. केवळ कापलेला कर परत मिळवण्यासाठी ते भरले असल्यास अपवाद होतो.
* नागरिकत्व वा निवासी दर्जा : पाल्य अमेरिकेचा नागरिक, राष्ट्रीय वा करदृष्ट्या निवासी असावा, अथवा कॅनडा वा मेक्सिकोचा रहिवासी असावा.

या कसोट्यांत पाल्याच्या एकूण उत्पन्नाला मर्यादा नाही. उन्हाळी नोकरीत चांगली कमाई झाली म्हणून तो आपोआप स्वतंत्र ठरत नाही. ती कमाई निर्वाहावर किती खर्च झाली, हे पाहिले जाते.

वयाची २४ वर्षे पूर्ण झाल्यावर ही वाट बंद होते. त्यानंतर पात्र नातेवाईक या दुसऱ्या नियमाने पाल्याला अवलंबित दाखवता येते. परंतु त्यासाठी त्याचे स्थूल उत्पन्न ठरावीक रकमेपेक्षा कमी असावे लागते आणि त्याच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक खर्च पालकांनी केलेला असावा लागतो. ही रक्कम २०२४ साठी ५,०५० डॉलर आणि २०२५ साठी ५,२०० डॉलर होती. विद्यापीठात अध्यापन-साहाय्यकाचे वेतन मिळवणारे पदव्युत्तर विद्यार्थी बहुधा या मर्यादेपलीकडे जातात. अशांना लाइफटाइम लर्निंग क्रेडिट स्वतःच्या विवरणपत्रात मागता येते.

घटस्फोटित पालकांच्या बाबतीतही सूत्र तेच आहे. न्यायालयाच्या आदेशानुसार शुल्क एका पालकाने भरले आणि अवलंबित नोंद दुसऱ्याने केली, तर क्रेडिटचा हक्क नोंद करणाऱ्याकडे जातो. एकाच पाल्याची नोंद दोन विवरणपत्रांत झाल्यास नंतर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाखल होणारे विवरणपत्र सामान्यतः नाकारले जाते.

## उत्पन्नमर्यादा

दोन्ही सवलतींसाठी सुधारित समायोजित स्थूल उत्पन्न ही कसोटी आहे. एकट्या करदात्याला ८०,००० डॉलरपर्यंत पूर्ण लाभ मिळतो, तेथून तो घटत जातो आणि ९०,००० डॉलरवर संपतो. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्यासाठी हे टप्पे १,६०,००० आणि १,८०,००० डॉलर आहेत. हे आकडे महागाईनुसार वाढत नाहीत. पतिपत्नींनी स्वतंत्र विवरणपत्रे भरल्यास कोणतेही शैक्षणिक क्रेडिट मिळत नाही.

उदाहरणार्थ, दांपत्याचे उत्पन्न १,७०,००० डॉलर असल्यास ते घटत्या पट्ट्याच्या नेमके मध्यावर येते. त्यामुळे २,५०० डॉलरचे क्रेडिट १,२५० डॉलर होते आणि त्यांपैकी ४० टक्के, म्हणजे ५०० डॉलर, परत मिळण्याजोगे ठरतात.

## पालकांनी नोंद न करण्याचा पर्याय

पालकांचे उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर त्यांच्या विवरणपत्रात क्रेडिट वाया जाते. अशा वेळी पालक पाल्याची अवलंबित म्हणून नोंद न करण्याचा निर्णय घेऊ शकतात. तसे केल्यास विद्यार्थी स्वतःच्या विवरणपत्रात क्रेडिट मागू शकतो आणि पालकांनी भरलेले शुल्कही त्याने भरल्याचे मानले जाते. मात्र इतरांना त्याची नोंद करता येणे शक्य आहे, हे त्याने आपल्या विवरणपत्रात नमूद करावे लागते.

या पर्यायाला दोन मर्यादा आहेत. पहिली, पालकांना सज्ञान अवलंबितासाठी मिळणारे ५०० डॉलरचे क्रेडिट सोडावे लागते. दुसरी, २४ वर्षांखालील पूर्णवेळ विद्यार्थ्याची स्वकष्टार्जित कमाई त्याच्या निर्वाहाच्या निम्म्याहून कमी असेल आणि आईवडिलांपैकी एक तरी हयात असेल, तर त्याला परताव्याचा भाग मिळत नाही. क्रेडिट केवळ त्याच्या देय करापुरतेच वापरता येते. नोकरी नसलेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे काहीच हाती लागत नाही. उलट, प्रशिक्षणार्थी म्हणून काम करून १,४०० डॉलर कर देणे लागणाऱ्या विद्यार्थ्याचा तो कर शून्य होतो. पालकांचे ५०० डॉलर वजा जाता कुटुंबाचा निव्वळ लाभ ९०० डॉलर उरतो.

ज्या पालकांचे उत्पन्न मर्यादेच्या आत आहे, त्यांच्यासाठी मात्र पाल्याची नोंद स्वतःकडे ठेवणेच बहुधा हिताचे ठरते. यात वारंवार घडणारी चूक अशी: विद्यार्थी उन्हाळी नोकरीचा कापलेला कर परत मिळवण्यासाठी घाईने स्वतःचे विवरणपत्र भरतो आणि आपण कोणावर अवलंबित नाही असे त्यात नोंदवतो. शे-दोनशे डॉलरच्या परताव्यापोटी पालकांचे २,५०० डॉलरचे क्रेडिट अडकते. ते सोडवण्यासाठी विद्यार्थ्याला सुधारित विवरणपत्र दाखल करावे लागते.

## ग्राह्य खर्च

शिक्षणशुल्क आणि प्रवेशासाठी अनिवार्य असलेली अन्य शुल्के दोन्ही सवलतींत ग्राह्य आहेत. अभ्यासक्रमाला आवश्यक पुस्तके, साहित्य व उपकरणे अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटसाठी कोठूनही घेतली तरी चालतात. लाइफटाइम लर्निंग क्रेडिटसाठी मात्र प्रवेशाची अट म्हणून ती संस्थेकडूनच घेणे बंधनकारक असेल, तरच तो खर्च धरला जातो. वसतिगृह, भोजन, विमा, आरोग्यशुल्क, प्रवास आणि वैयक्तिक खर्च कोणत्याही सवलतीत बसत नाहीत.

शैक्षणिक कर्जातून भरलेले शुल्कही ग्राह्य आहे. खर्चाची नोंद शुल्क भरल्याच्या वर्षी होते, कर्ज फेडल्याच्या वर्षी नव्हे. पुढील वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत सुरू होणाऱ्या सत्राचे शुल्क डिसेंबरमध्ये भरल्यास ते भरल्याच्या वर्षीच धरले जाते.

चार वर्षांची पदवी ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपत असल्याने पाच करवर्षांत विभागली जाते, तर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट चारच करवर्षांत मिळते. त्यामुळे ज्या वर्षी ग्राह्य खर्च सर्वांत कमी, ते वर्ष त्यातून वगळणे अथवा त्या वर्षी लाइफटाइम लर्निंग क्रेडिट घेणे फायद्याचे ठरते.

## शिष्यवृत्ती आणि बचत योजनांशी संबंध

एकाच खर्चावर दोन करलाभ घेता येत नाहीत. करमुक्त शिष्यवृत्तीने भागलेले शुल्क ग्राह्य खर्चातून वजा करावे लागते. ५२९ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैक्षणिक बचत योजनेतून करमुक्त रक्कम काढून भरलेला खर्चही क्रेडिटसाठी पुन्हा दाखवता येत नाही. म्हणून अनेक कुटुंबे शुल्कापैकी ४,००० डॉलर अन्य पैशांतून भरतात आणि वसतिगृहादी खर्चासाठी ५२९ योजनेचा उपयोग करतात.

पेल ग्रँटसारख्या अनुदानाच्या बाबतीत एक महत्त्वाची मुभा आहे. अनुदानाच्या अटी परवानगी देत असतील, तर विद्यार्थी ती रक्कम निर्वाहावर खर्च झाल्याचे मानून स्वतःच्या उत्पन्नात दाखवू शकतो. समजा, वर्षाचे शुल्क ४,००० डॉलर आणि अनुदानही ४,००० डॉलर आहे. अनुदान शुल्कासाठी वापरले असे मानल्यास ग्राह्य खर्च शून्य होतो. तेच निर्वाहासाठी वापरले असे मानल्यास विद्यार्थ्याचे उत्पन्न ४,००० डॉलरने वाढते. अन्य उत्पन्न फारसे नसल्यास त्यावर संघीय कर लागत नाही. कुटुंबाला मात्र २,५०० डॉलरच्या क्रेडिटचा हक्क मिळतो आणि पालकांचा देय कर शून्य असला तरी त्यांपैकी १,००० डॉलर रोख परत येतात. ही मुभा अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना सर्वाधिक उपयोगी आहे.

## मागणीची पद्धत

शिक्षणसंस्था सामान्यतः ३१ जानेवारीपर्यंत विद्यार्थ्याला फॉर्म १०९८-टी देते. त्याच्या पहिल्या चौकटीत संस्थेला मिळालेले शुल्क आणि पाचव्या चौकटीत शिष्यवृत्ती व अनुदाने दाखवलेली असतात. बाहेरून घेतलेल्या पुस्तकांचा खर्च त्यात नसतो, म्हणून पावत्या जपाव्या लागतात. हा फॉर्म विद्यार्थ्याच्या नावे आणि बहुधा संस्थेच्या संकेतस्थळावरील त्याच्या खात्यात येत असल्याने पालकांना तो त्याच्याकडून मागून घ्यावा लागतो.

क्रेडिटची गणना फॉर्म ८८६३ मध्ये करून तो विवरणपत्राला जोडतात. मागील वर्षांत हक्काचे क्रेडिट मागायचे राहून गेले असल्यास सामान्यतः तीन वर्षांच्या आत फॉर्म १०४०-एक्स या सुधारित विवरणपत्राद्वारे ते मागता येते. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांना व्हिटा या स्वयंसेवी कार्यक्रमात विवरणपत्र भरण्यास विनामूल्य साहाय्य मिळते.

चुकीने घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. नियमांकडे बेपर्वाईने दुर्लक्ष केल्याचे आढळल्यास अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट मागण्यावर दोन वर्षांची, तर फसवणूक सिद्ध झाल्यास दहा वर्षांची बंदी येते.

## स्थलांतरित कुटुंबे आणि भारतीय विद्यार्थी

वर्षाच्या कोणत्याही भागात करदृष्ट्या अनिवासी असलेल्या व्यक्तीला हे क्रेडिट सामान्यतः मागता येत नाही. अमेरिकी जोडीदारासह निवासी मानले जाण्याचा पर्याय निवडल्यास अपवाद होतो. एफ-१ व्हिसावर गेलेले विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे साधारणतः अनिवासी गणले जातात. त्यामुळे महाराष्ट्रातून पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना ही सवलत लागू होत नाही. फॉर्म १०९८-टी हाती आला म्हणून ती आपोआप मिळते, हा समज चुकीचा आहे. भारत-अमेरिका करकराराच्या अनुच्छेद २१(२) अन्वये भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट मात्र मिळते. अन्य बहुतेक अनिवासींना ती उपलब्ध नाही.

एच-१बी व्हिसावर नोकरी करणारे पालक पुरेशा वास्तव्यानंतर निवासी करदाते होतात. एच-४ व्हिसावरील त्यांच्या मुलांना सामान्यतः सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळत नाही. अशा मुलांसाठी वैयक्तिक करदाता ओळख क्रमांकाच्या आधारे आजवर क्रेडिट मागता येत असे. ४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्याने २०२६ या करवर्षापासून करदाता व विद्यार्थी यांचा सामाजिक सुरक्षा क्रमांक आवश्यक केला आहे. त्यामुळे ग्रीन कार्डच्या प्रतीक्षेत असलेल्या अनेक भारतीय कुटुंबांची ही सवलत बंद होते. वयाच्या २१ व्या वर्षी एच-४ दर्जा संपून मूल एफ-१ व्हिसावर गेल्यास त्याचा करविषयक निवासी दर्जाही नव्याने तपासावा लागतो.

शिक्षणसंस्था अमेरिकी शिक्षण विभागाच्या विद्यार्थी-साहाय्य योजनांत सहभागी होण्यास पात्र असणेही आवश्यक आहे. अमेरिकेतील बहुतेक मान्यताप्राप्त महाविद्यालये ही अट पूर्ण करतात. पाल्य भारतात वा अन्य देशात शिकत असल्यास ती संस्था या योजनांसाठी पात्र आहे की नाही, हे पाहावे लागते.

## भारतातील तरतुदींशी तुलना

भारतात शिक्षणखर्चासाठी असे क्रेडिट नाही. तेथे वजावटीची पद्धत आहे. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०-सी अन्वये दोन अपत्यांच्या भारतातील पूर्णवेळ शिक्षणाचे शुल्क १.५ लाख रुपयांच्या एकत्रित मर्यादेत वजा करता येत असे. कलम ८०-ई अन्वये उच्च शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाची वजावट कमाल आठ वर्षे मिळत असे. नव्या कररचनेत या दोन्ही वजावटी उपलब्ध नाहीत. वजावटीचा लाभ कराच्या दरानुसार वाढतो. त्यामुळे कर न लागणाऱ्या कुटुंबाला तिचा उपयोग होत नाही. अमेरिकी क्रेडिटमधील परताव्याचा भाग या बाबतीत वेगळा ठरतो.

## मूल्यमापन

जॉर्ज बुलमन आणि कॅरोलाइन हॉक्सबी या अर्थतज्ज्ञांच्या २०१५ मधील अभ्यासात संघीय टॅक्स क्रेडिटमुळे महाविद्यालयीन प्रवेशांत फारशी वाढ झाल्याचे आढळले नाही. शुल्क सत्राच्या आरंभी भरावे लागते आणि क्रेडिट त्यानंतर अनेक महिन्यांनी विवरणपत्र भरल्यावर मिळते. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी पैशांची अडचण असलेल्या विद्यार्थ्याला त्याचा आधार होत नाही, अशी टीका केली जाते. नियमांच्या गुंतागुंतीमुळे पात्र कुटुंबे सवलतीपासून वंचित राहतात आणि अपात्र मागण्याही होतात, हा दुसरा आक्षेप आहे. शिक्षणखर्चाचा भार सोसलेल्या मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना या सवलतीमुळे प्रत्यक्ष आर्थिक दिलासा मिळतो, असे समर्थकांचे म्हणणे आहे.